जुनी भांडी घरात आणताय? मग शिशाचं एवढं बघून घ्या

आत्याकडचा पितळी खलबत्ता मी हट्टाने मागून आणला होता. कोकणातलं घर विकायचं ठरलं तेव्हा कोणी पलंग घेतला, कोणी घड्याळ, मी म्हटलं मला फक्त खलबत्ता द्या, कारण लहानपणी लाडवांसाठी वेलदोडे कुटायचं काम माझ्याकडे असायचं. पुण्यात आणला, चिंच-मीठ लावून घासला, सोन्यासारखा झाला, आणि मग दोन वर्षं रोज सकाळी चहाचं आलं त्यातच ठेचलं. आलं ठेचून झालं की बत्त्याच्या टोकाला आणि खलाच्या तळाला एक काळपट करडा ओघळ यायचा, तो मी बोटाने पुसायचे आणि आलं चहात टाकायचे.

हा ओघळ कसला, हा प्रश्न मला पडला तो सराफाच्या दुकानात. जुन्या बांगड्या मोडायला गेले होते, त्यांनी त्या कॅरट मीटरमध्ये ठेवल्या आणि स्क्रीनवर धातूंची यादी आली, सोनं, चांदी, तांबं, जस्त आणि खाली पीबी म्हणून एक ओळ, तिच्यासमोर शून्य. विचारलं हे पीबी काय, तर म्हणाले, "ताई, ते शिसं. दागिन्यात नसतं, पण मशीन बघतं." दुसऱ्या दिवशी खलबत्ता पिशवीत घालून नेला. शिशासमोर तीन टक्क्यांच्या आसपास आकडा आला. त्या दुकानदारांनी भल्या मनाने पैसेसुद्धा घेतले नाहीत, पण घरी येताना मी रिक्षात एकच हिशेब करत होते की माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती आणि आल्याचं दूध तिलाही रोज मिळत होतं.

तेव्हापासून मी जुनी भांडी घेणं सोडलेलं नाही, जुना बाजार मला अजूनही तितकाच आवडतो. पण कुठलं भांडं गॅसवर जाईल, कुठलं शोकेसमध्ये आणि कुठलं तिथेच ठेवून यायचं, हे ठरवायची पद्धत पूर्ण बदलली. ती इथे लिहितेय, कारण हल्ली आजीची पितळी भांडी परत काढायची लाट आलीय आणि सगळे फक्त कल्हई करा एवढंच सांगतात, त्या कल्हईत काय असतं हे कोणी सांगत नाही.

आधी शिशाबद्दल थोडं. शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ते ग्रॅफाइट असतं, त्यामुळे पेन्सिल चावली म्हणून घाबरू नका. आपल्याकडे शिसं, जस्त आणि कथील या तिघांचा भयंकर गोंधळ होतो. कथील म्हणजे टिन, कल्हईला लागतं ते. जस्त म्हणजे झिंक, तांब्यात मिसळलं की पितळ होतं. आणि शिसं म्हणजे तो जड, मऊ, करडा धातू, माशांच्या जाळ्याला वजन म्हणून लावतात तो. पहिल्या दोघांशी आपलं स्वयंपाकघरात काही भांडण नाही, तिसऱ्याशी आहे.

शिशाचं शरीराला काहीही काम नसतं. जागतिक आरोग्य संघटनेचं स्पष्ट म्हणणं आहे की रक्तातल्या शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कुठलीही पातळी माहीत नाही. मोठ्या माणसाच्या पोटात जेवढं शिसं जातं त्यातलं थोडंच शोषलं जातं, लहान मुलांचं शरीर मात्र त्याच्या चार-पाच पट शोषून घेतं, आणि त्यांचा मेंदू तेव्हा घडत असतो. शरीराला ते कॅल्शियमसारखं वाटतं म्हणून हाडांत जाऊन बसतं, तिथे वर्षानुवर्षं राहतं आणि गरोदरपणात हाडांतलं कॅल्शियम वापरलं जायला लागलं की त्याच्याबरोबर परत रक्तात येतं. म्हणजे मुलगी असताना आजोळी खाल्लेलं, तिच्या बाळापर्यंत जाऊ शकतं. युनिसेफ आणि प्रदूषणावर काम करणारी संस्था प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालात भारतातल्या सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असल्याचा अंदाज होता. सगळं भांड्यातून आलेलं नाही अर्थातच, बॅटऱ्या फोडण्याचे धंदे, जुने रंग, भेसळीची हळद अशी बरीच कारणं आहेत, पण भांडं ही एक गोष्ट अशी आहे की जी आज संध्याकाळी आपल्या हाताने बाजूला ठेवता येते.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे जिभेला कळत नाही. पितळेच्या भांड्यात कल्हई नसताना आमटी ठेवली तर ती कळकते, हिरवट होते, तोंडात घातल्याबरोबर कळतं आणि आपण फेकून देतो. शिसं कळत नाही. रंग नाही, वास नाही, त्याच दिवशी पोटही बिघडत नाही. पाणी उकळलं तरी ते जात नाही, उलट आटवलं तर त्याचं प्रमाण वाढतं.

भांडं कुठलंही असो, मी आता चार गोष्टी विचारते. ह्यात आंबट जाणार का? गरम होणार का? पदार्थ किती वेळ राहणार? आणि भांडं घासलं, ठेचलं, खरवडलं जाणार का? आंबट, उष्णता, वेळ आणि झीज, शिसं सुटतं ते ह्या चार वाटांनी. कोरडे तांदूळ मोजायचं पितळी मापटं आणि टोमॅटोचं सार उकळायचं पातेलं, दोन्ही एकाच धातूचे असले तरी धोका एकसारखा नाही. नुसतं हाताळल्याने काही होत नाही, धातूचं शिसं त्वचेतून जवळजवळ जात नाही, त्यामुळे आजीचा तांब्या हातात घ्यायला भिऊ नका. फक्त हात धुवा.

पितळ: ओतीव की घडीव

पितळेत शिसं का असतं? दोन कारणं. एक म्हणजे मुद्दाम घालतात. लेथवर कातायचं पितळ असेल, नळ, चाव्या, स्टोव्हचे पार्ट, तर त्यात दोन-तीन टक्के शिसं असतं, त्याने पितळेचा चुरा सुटा पडतो आणि कातकाम सोपं जातं. दुसरं म्हणजे मोड. ओतकाम करणारा मोडीत आलेलं सगळं पितळ एकत्र वितळवतो, त्यात जुने नळ आले, बिजागऱ्या आल्या, झाळलेल्या म्हणजे डाग देऊन जोडलेल्या वस्तू आल्या, की त्यांचं शिसं नव्या खलबत्त्यात उतरतं. कोणी फसवायला करतं असंही नाही.

म्हणून पहिली ओळख ही करायला शिका. घडीव भांडं पत्र्यापासून ठोकून केलेलं असतं, कडेला पातळ, अंगावर हातोड्याचे मठारकामाचे ठसे, तुलनेने हलकं. पुण्यात कसब्यात तांबट आळीत गेलात तर अजूनही हे ठोकण्याचा आवाज ऐकू येतो. पत्रा लाटण्याजोगं पितळ व्हायला त्यात शिसं फारसं चालत नाही, कारण मग तो तडकतो. ओतीव वस्तू जाड, जड, आतून वाळूच्या साच्याची बारीक खरखर, कुठेतरी साच्याच्या जोडाची रेघ. खलबत्ता, पळी, डाव, जाड बुडाच्या वाट्या, समई, घंटा, देव, हे बहुतेक ओतीव. समईत काय आहे याची मला काळजी नाही. खलबत्त्याची आहे, कारण त्यात झीज आहे, आणि आल्या-लिंबाचा ओलावाही आहे.

आता एक गोष्ट सांगते ती काहींना आवडणार नाही, पण विचार करा. पंचामृत. दही, दूध, तूप, मध, साखर, म्हणजे आंबट झालंच, ते आपण पितळी वाटीत कालवतो, पूजा होईपर्यंत तासभर ठेवतो, आणि ओतीव पळीने सगळ्यात आधी लहान मुलांच्या हातावर देतो. अष्टधातूची मूर्ती असेल तर त्या आठ धातूंत शिसं परंपरेनेच मोजलेलं आहे, आणि तिच्यावरून आलेलं अभिषेकाचं पाणी तीर्थ म्हणून आपण पितो. श्रद्धेला कुठेही धक्का न लावता हे सुटतं. आमच्याकडे आता पंचामृत चांदीच्या वाटीत होतं, चांदी नसेल तर स्टीलच्या, पळीही चांदीची छोटी घेतली, आणि जुन्या मूर्तीवरच्या अभिषेकाचं पाणी झाडांना घालतो. आमचे गुरुजी म्हणाले, काहीच हरकत नाही.

कल्हई, जिथे सगळ्यात जास्त गफलत होते

कल्हई म्हणजे कथलाचा थर. भांडं कोळशावर तापवतात, नवसागर टाकतात, पांढरा धूर होतो, मग कथलाची कांडी टेकवली की ती पाण्यासारखी पाघळते आणि कापसाच्या बोळ्याने फिरवली की क्षणात सगळं भांडं आतून चांदीसारखं होतं. लहानपणी दाराशी कल्हईवाला आला की आम्ही भात्याशेजारी जाऊन बसायचो. शुद्ध कथलाची कल्हई असलेलं पितळेचं भांडं उत्तम आहे, माझं त्याविरुद्ध काहीही म्हणणं नाही.

पण शुद्ध कथील महाग आहे, अलीकडच्या काळात शिशाच्या दहापटीहूनही जास्त महाग. शिवाय कथलात शिसं मिसळलं की ते लवकर वितळतं. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, कथील-शिशाचं योग्य मिश्रण १८३ अंशालाच, हेच मिश्रण इलेक्ट्रिकच्या कामात सोल्डर म्हणून वापरतात. म्हणजे भेसळ केली तर माल स्वस्त, कोळसा कमी, काम लवकर. वर दिसायला जवळपास तेच. मी स्वतः एका कल्हईवाल्याच्या पेटीत सोल्डरच्या जाड कांड्या पाहिल्यात. त्या माणसाला दोष द्यायला जीभ रेटत नाही, त्याला दुकानातून कल्हईचा माल म्हणूनच मिळालं होतं, आणि दिवसभर त्या धुरात बसून सगळ्यात जास्त शिसं त्याच्याच पोटात जात होतं.

तर करायचं काय? कथील स्वतः विकत घ्या. भांडी आळीत किंवा धातूच्या व्यापाऱ्याकडे शुद्ध कथील म्हणून मागा, बिलावर टिन असं लिहून घ्या, आणि कल्हईवाल्या काकांना सांगा की हेच वापरा, मजुरी पूर्ण देते. समोर बसून करून घ्या. कांडी हातात असताना एक जुनी परीक्षा करता येते, कांडी कानाजवळ धरून हळूहळू वाकवा, शुद्ध कथील वाकताना कर्र कर्र असा बारीक आवाज करतं, खरंच ऐकू येतो. शिसं जास्त असेल तर कांडी मुकाट्याने वाकते. दुसरी परीक्षा कागदाची, कोरा पांढरा कागद घेऊन त्यावर कांडी ओढा, शिसं कागदावर पेन्सिलीसारखी करडी रेघ सोडतं, शुद्ध कथील जवळपास सोडत नाही. थोडीशी भेसळ मात्र दोन्ही परीक्षांतून निसटू शकते, म्हणून ह्या परीक्षा नापास करण्यासाठी आहेत, पास करण्यासाठी नाहीत.

सेकंडहँड घेतलेल्या भांड्यात आधीचीच कल्हई असेल तर ती कोणी, कशाने केली काय माहीत. भांडं आधी साबणाने नीट धुवा, नवसागराची काजळी निघून जाऊदे, कोरडं करून मग पांढरा कागद आत जोराने घासा. करडं उमटलं, तर त्या कल्हईवर स्वयंपाक करू नका. पुन्हा कल्हई करायची तरी वरून नवा थर देऊन भागत नाही, कारण जुनं वितळून नव्यात मिसळतं, आधीची पूर्ण काढायला सांगावं लागतं. आणि ही काढायची खटपट घरी करू नका. ओट्यावर बसून जुनी कल्हई पॉलिशपेपरने घासणं म्हणजे शिशाची धूळ घरभर करणं, जेवणातून जाईल त्याहून जास्त तीच जाईल.

कल्हईच्या भांड्यात कोरडं भाजू नका, रिकामं गॅसवर ठेवू नका, फोडणीचं तेल धूर येईपर्यंत तापवू नका, थर पाघळतो. तळाला पिवळं डोकावायला लागलं की परत कल्हई, मग ते तीन महिन्यांनी असो की वर्षाने.

आणि एक, झाळलेलं भांडं. गळत होतं म्हणून कधीतरी डाग दिलेलं. किटलीच्या तोटीचा जोड, दुधाच्या कॅनचं बूड, जुन्या बंबाची कड, तांब्याच्या घागरीचा तळ. जोडापाशी करड्या मेणासारखा ओघळ गोठलेला दिसतो, नखाने दाबला तर ओरखडा उठतो. तो सोल्डर, आणि जुना सोल्डर म्हणजे शिसं आहेच असं धरून चाला. अशा किटलीत चहा नको. बंबाचं पाणी अंघोळीला ठीक आहे, चूळ भरायला किंवा पिठात घालायला नको.

अॅल्युमिनियम, ज्याच्यावर कोणाचा संशय जात नाही

न्यू जर्सीत राहणारी माझी चुलत बहीण दरवेळी इथून हिंडालियमची कढई घेऊन जायची, तिकडच्या भांड्यांत भाजी लागते म्हणून. गेल्या वेळी तिनेच मला सांगितलं की अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर इशारा दिलाय, बाहेरून येणाऱ्या पितळेच्या आणि हिंडालियम, इंडालियम वगैरे नावांनी विकल्या जाणाऱ्या अॅल्युमिनियम मिश्रधातूच्या काही भांड्यांतून अन्नात शिसं उतरतं म्हणून. त्याच्याही आधी वॉशिंग्टन राज्यात, सिअॅटलच्या किंग काउंटीत, अफगाण निर्वासित कुटुंबांच्या मुलांच्या रक्तात शिसं का जास्त येतंय हे शोधताना आरोग्य खात्याचे लोक त्यांच्या अॅल्युमिनियमच्या पातेल्या आणि कुकरपर्यंत पोचले होते. त्यानंतर त्या राज्याने २०२४ मध्ये स्वयंपाकाच्या भांड्यांतल्या शिशावर कायदाच केला.

अॅल्युमिनियममध्ये शिसं येतं ते भंगारातून, इंजिनचे भाग, पत्रे, वायरी, जे मिळेल ते वितळवून ओतलेलं. इथेही तीच ओळख, ओतीव की दाबीव. जाड, जड, आतून खडबडीत, कुठलाही शिक्का नाही, अशी कढई जुन्या बाजारात शंभर-दीडशेला मिळाली म्हणून घेऊ नका. त्यात आपण नेमकं काय करतो, चिंचगुळाची आमटी, कढी, आंबट चुका, सगळं उकळतं आणि आंबट. अॅल्युमिनियमचं भांडं आतून खड्डे पडून काळं झालेलं असेल तर घरचं असलं तरी काढाच. २०२४ मध्ये सरकारने स्टेनलेस स्टील आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करायचा आदेश काढला, तेव्हा नवीन घेताना ते चिन्ह बघा. जुन्यावर ते बहुतेक नसणारच. माझं मत विचाराल तर अॅल्युमिनियम सेकंडहँड घेऊच नये, त्यात ना वारसा ना कारागिरी, नवीन स्टीलचं पातेलं घ्या.

चिनी माती, काच, इनॅमल

लोणच्याची ती अर्धी तपकिरी अर्धी पांढरी दगडी बरणी, जड, टिचकी मारली की खणखणीत, ती खूप जास्त तापमानाला भाजलेली असते आणि तसल्या भट्टीत झिलईला, म्हणजे वरच्या काचेसारख्या चकचकीत थराला, शिशाची गरज पडत नाही, त्यामुळे तिची मला कमी भीती वाटते. भीती आहे ती कमी तापमानाला भाजलेल्या, चकचकीत, रंगीत झिलईच्या भांड्यांची, कारण शिशाने झिलई लवकर वितळते, चमकते आणि रंग खुलतात. आतून लाल, केशरी, पिवळी झिलई असेल, झिलईला केसासारख्या बारीक चिरा पडल्या असतील, टवका उडाला असेल, किंवा धुतल्यावर पांढुरकी भुकटी बोटाला लागत असेल तर त्यात लोणचं, दही, ताक काही नाही. चोर बाजारात नाहीतर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुने कपबशीचे सेट फार सुंदर मिळतात, मीही घेते, पण बोट फिरवून बघा, नक्षी झिलईच्या वर असेल तर बोटाला उंचवटा लागतो, ती चमच्याने आणि लिंबाने सुटत जाते. ते कप कपाटात. काचेच्या ग्लासवर बाहेरून चित्र असेल तर ते ओठ लागतात तिथपर्यंत आलंय का बघा. रंगीत इनॅमलच्या पातेल्याचा आतून टवका उडाला असेल तर ते गेलं.

कटग्लासचे जड डिकँटर आणि ग्लास हा वेगळा प्रकार. लेड क्रिस्टल म्हणजे ज्यात निदान २४ टक्के लेड ऑक्साइड आहे अशी काच, ती चमक त्या शिशाचीच. जेवणापुरतं पाणी त्यातून प्यायलात तर फार फरक पडत नाही, पण सरबत, वाइन, व्हिनेगर त्यात साठवून ठेवू नका, रात्रभरही नाही. लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्यातून अजिबात नको.

लोखंडी तवा, कढई ह्यात स्वतःचं शिसं नसतं, फक्त आधीच्या घरी तिचा काय वापर झाला हे बघा. शिसं ३२७ अंशाला वितळतं, म्हणजे साध्या शेगडीवर, आणि जाळ्याची वजनं ओतायला लोक जुनी कढईच घेतात. तळाला करडे चकचकीत थेंब चिकटलेले दिसले तर ठेवून द्या.

तपासणी कशी करायची

बाजारात छोटे टेस्ट किट मिळतात, बोळा ओला करून घासायचा, गुलाबी-लाल झाला तर शिसं आहे. लाल झाला तर विश्वास ठेवा. नाही झाला तर त्याचा काहीच अर्थ काढू नका, धातूवर हे किट बऱ्याचदा चुकतं. व्हिनेगरची घरगुती परीक्षा म्हणजे भांड्यात रात्रभर ठेवून सकाळी डाग पडलाय का बघणं, तीही तशीच, डाग पडला तर झिलई कच्ची आहे एवढं कळतं, न पडल्याने काही कळत नाही.

सराफाचं कॅरट मीटर ही एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणारी मशीन असते. सगळ्या मशीन शिसं दाखवतात असं नाही, आधी विचारा, आणि गर्दीच्या वेळी जाऊ नका. पितळेसाठी अंदाज चांगला येतो. पण ती फक्त वरचा पृष्ठभाग बघते, म्हणून आतून, जिथे अन्न लागतं तिथेच रोखायला सांगा, जोड असेल तर जोडावर वेगळं. अॅल्युमिनियममधलं शंभर-दोनशे पीपीएम (दहा लाखात शंभर-दोनशे भाग) शिसं मात्र तिला दिसेलच असं नाही, एक टक्का म्हणजे दहा हजार पीपीएम हे लक्षात घ्या.

खरं उत्तर देते ती लॅब. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली, अन्न किंवा धातू तपासणारी लॅब शोधा आणि लीचिंग टेस्ट मागा, नुसती धातूची टेस्ट नको. चिनी मातीच्या भांड्यासाठीची ठरलेली पद्धत अशी, भांड्यात चार टक्के अॅसिटिक अॅसिड, म्हणजे साधारण व्हिनेगरइतकं आंबट, चोवीस तास ठेवतात आणि त्यात किती शिसं उतरलं ते मोजतात. धातूत किती आहे त्यापेक्षा अन्नात किती येतं हे महत्त्वाचं. खर्च भांड्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो बऱ्याचदा, तेव्हा प्रत्येक वाटीसाठी करू नका, पण रोज वरण शिजतं ते पातेलं असेल तर करा.

आणि भांडं बरीच वर्षं वापरात असेल, घरात सहा वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई असेल, तर भांड्याच्या आधी रक्त तपासा. डॉक्टरांना ब्लड लेड लेव्हल म्हणून सांगा, शिरेतून घेतलेलं रक्त हवं, बोट टोचून घेतलं तर हाताला लागलेलं शिसंही त्यात येऊ शकतं. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, २०२१ पासून मुलांसाठी डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम हा आकडा लक्ष द्यायची पातळी म्हणून धरलाय, जागतिक आरोग्य संघटना ५ ला स्रोत शोधून बंद करा म्हणते. औषध देऊन शिसं काढायची वेळ साधारण ४५ च्या वर येते, ते डॉक्टर ठरवतील. डिटॉक्सच्या नावाखाली कुठलंही भस्म किंवा काढा घेऊ नका, काही भस्मांत शिसंच सापडलेलं आहे. रक्तातलं शिसं, स्रोत बंद झाला की, साधारण महिन्याभरात निम्मं व्हायला लागतं, हाडातलं मात्र राहतं. मधल्या काळात मुलांच्या पोटात लोह आणि कॅल्शियम नीट जाऊदे, नाचणी, दूध, पालेभाज्या, वर लिंबू, कारण पोट रिकामं असलं आणि लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं. आमच्या मुलीचा आकडा ४.१ आला होता. तीन महिन्यांनी २.६. त्या तीन महिन्यांत मी फक्त खलबत्ता आणि एक झाळलेली किटली बंद केली होती.

नको असलेल्या भांड्याचं काय करायचं

हे मला फार मनापासून सांगायचंय. तुम्हाला कळलंय की भांड्यात शिसं आहे, तर ते कामवाल्या मावशींना देऊ नका. जुन्या बाजारात परत विकू नका, ऑनलाइन तर नाहीच. तुमच्या घरातून गेलं म्हणजे ते दुसऱ्याच्या चुलीवर गेलं, आणि तिथेही लहान मूल असेल. ठेवायचं असेल तर बुडाला भोक पाडा. भांड्याला भोक पडलं की त्यात कोणी आमटी करत नाही. भोक पाडताना पाणी टाकून ओलं ठेवा, गच्चीत करा, चुरा ओल्या कागदाने गोळा करा. मग त्यात मनीप्लँट लावा. तुळस, कढीपत्ता असं खायचं काही नको. मोडीत द्यायचं तर धातू म्हणून द्या, भांडं म्हणून नाही, चेपून द्या.

बाजारात उभं राहून मी काय करते तेही सांगते. बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेत गेले की खिशात एक पांढरा कागद आणि छोटी टॉर्च असते. भांडं उलटं करते, जोड बघते, आत टॉर्च मारते, नखाने जोड दाबते, कागद घासते. दुकानदार विचारतात, "ताई काय बघताय एवढं?" मी सांगते, दादा, शिसं. एक-दोघं आता स्वतःच हातात देताना सांगतात, हे झाळलेलं आहे ताई, शोभेला घ्या.

आत्याचा खलबत्ता आमच्या देवघराच्या शेजारच्या कोनाड्यात आहे. बत्ता मी वेगळा, वरच्या माळ्यावर ठेवलाय, म्हणजे येणाऱ्या पाहुण्यांपैकी कोणालाही सहज म्हणून त्यात वेलदोडे कुटता येणार नाहीत. आलं आता दगडी खलात ठेचतो.